रांजणातला तिसरा वास

वच्छे, काल तुझ्या रांजणापाशी दोन माणसं उभी होती आणि दोघांपैकी एकानंही जन्मात वाईनचा थेंब चाखलेला नव्हता. एक मी, रविवारी विहारात पोरांकडून पंचशील म्हणून घेणारी मास्तरीण. दुसरा तुझा थोरला भाऊ भानुदास, गळ्यात तुळशीची माळ घातलेला. आणि आम्हाला ठरवायचं होतं, की तू जाताना मातीत ठेवून गेलेली पांढरी वाईन जमली का नासली. तू असतीस तर पोट धरून हसली असतीस.

तू गेलीस त्याला अजून महिना झालेला नाही. शाळेला सुट्ट्या आहेत. दुपार कलली की माझी स्कुटी कुंभार पिंपळगावातून निघते आणि आपोआप तुझ्या मळ्याकडं वळते. फाट्यावर आल्यावर आठवतं. मग परत फिरायचं तरी कुठं, म्हणून तशीच जाते, वेलींच्या सावलीत बसते आणि येते. माणूस गेल्यावर त्याच्या घरचा रस्ता कसा विसरायचा हे कुणी शिकवत नाही.

भानुदासनं दहाव्यालाच विषय काढला होता. म्हणाला, "मास्तरीणबाई, हे वेल काढावं म्हणून राह्यलो. ऊस लावतो. अंकुशनगरच्या साखर कारखान्याला गाडी जाती, डोक्याला ताप न्हाई." मग त्यानंच सांगितलं, की दरसाल तुझ्या सगळ्या बाटल्या उचलणाऱ्या पुण्याच्या हॉटेलवाल्याचा फोन आला होता. माल नेहमीसारखा निघाला तर पुढंही घेईन आणि मळा बघायला जाणता माणूस पण देईन, असं तो म्हणाला. "पण त्याला बोलवायच्या आधी आपल्याला म्हाईत पाहिजे," भानुदास म्हणाला. "नासकं दाखवून बहिणीचं नाव घालवायचं न्हाई. नेहमीसारखं असंल तर वेल राहतील. नसंल तर मंग कशाला ठेवायचे?"

नेहमीसारखं म्हणजे कसं, हे सांगणारी एकच जीभ या पंचक्रोशीत होती. आणि तिला आम्ही पोचवून आलो होतो.

तुला नेताना भानुदासनं तुझ्या अंगावर तुमच्या बापाची घोंगडी घातली. तेव्हाच मला पाचवीचा वर्ग आठवला. तू माझ्या शेजारी बसलीस ते काही मैत्री जमली म्हणून नव्हे. आपल्या दोघींच्या शेजारी बसायला कुणी तयार नव्हतं, एवढंच. माझ्या शेजारी का बसत नव्हते ते तुलाही ठाऊक आणि मलाही. तुझ्या शेजारी बसत नव्हते, कारण तू मेंढरांच्या तळावरून सरळ शाळेत यायचीस, बापाची ती घोंगडी खांद्यावर टाकून, आणि पोरी नाकाला ओढणी लावायच्या. मग शेवटचा बाक आपलाच झाला. तू माझ्या डब्यातली भाकरी बिनदिक्कत उचललीस, आणि वर म्हणालीस, "मीठ कमी हाय." त्या क्षणी तू मला आवडलीस. आजवर सांगितलं नाही, आता सांगते.

नंतर तू लग्न होऊन नाशिककडं गेलीस, तिथल्या एका वायनरीत लेबल चिकटवण्यापासून द्राक्ष दाबण्यापर्यंत सगळं शिकलीस, आणि नवरा वारल्यावर परत आलीस ती डोक्यात हे खूळ घेऊनच. चहूकडं ऊस आणि कपाशी, मध्ये तुझी पांढऱ्या वाईनची द्राक्षं. शेनिन म्हणायचीस तू त्या जातीला. खत नाही, फवारणी नाही. गाईच्या शिंगात शेण भरायचं, थंडीभर जमिनीत पुरायचं, मग त्यातलं चिमूटभर बादलीभर पाण्यात घुसळून शिवारात शिंपडायचं. छाटणी चंद्र बघून. बायोडायनॅमिक. हा शब्द तू इतक्या झोकात म्हणायचीस, की सुरुवातीला लोकांना ते एखाद्या ट्रॅक्टरचं नाव वाटलं. मागून तुला दारूवाली म्हणायचे आणि समोर आलीस की वच्छलाताई, वच्छलाताई.

आपलं पहिलं खरं भांडण त्या शिंगांवरूनच झालं. तू मला सहज विचारलंस, "सुजे, मेलेल्या गाईची शिंगं तुमच्याकडं कुणापाशी भेटतील का गं?" मी म्हणाले, "तुमच्याकडं म्हणजे?" तुझा चेहरा उतरला. माझ्या आजोबांनी बाबासाहेबांच्या मागं जाऊन धम्म घेतला तेव्हा सगळ्यात आधी काय टाकलं होतं, तर गावची मेलेली ढोरं ओढणं. ते काम टाकल्यावर गावानं त्यांना किती छळलं, याच्या गोष्टी ऐकत मी मोठी झाले. आणि तू, माझ्या डब्यातली भाकरी खाल्लेली, तू मला हे विचारावंस. मी स्कुटीला किक मारली आणि निघून आले.

तू माफी मागितली नाहीस. तुला ती कधी मागताच यायची नाही. तू काय केलंस, तर स्वतःच पोतं घेऊन शिवारभर हिंडलीस. दाराला, कुंपणाला, गोठ्याच्या आढ्याला लोकांनी टांगलेली शिंगं मागून आणलीस, शेण भरलंस, पुरलीस, आणि उन्हाळ्याच्या तोंडाला मला निरोप धाडलास, शिंगं काढायची हायत, ये. मी आले. तू मोठ्या थाटात पहिलं शिंग उकरलंस. मातीतून निघालं ते लालभडक, टोकाला हिरवं, वर सोनेरी पट्टा. दुसरं निळं. तिसऱ्यावर पांढऱ्या रंगात 'जय मल्हार'. सगळी पोळ्याला ऑइल पेंट फासलेली बैलांची शिंगं! आत शेण भरलं होतंस तसंच, ओलंगच्च आणि घाण मारणारं. तुला शिकवणाऱ्या माणसाला तू तिथूनच फोन लावलास. तो म्हणाला, बाई, गाईचं पाहिजे, बैलाचं बिलकुल चालत नाही, आणि रंग दिलेलं तर नाहीच नाही. तू म्हणालीस, "काहून? गाय काय अन् बैल काय, दोघं एकाच आईची लेकरं न्हाईत का?" मला हसू आवरेना. रागावून आले होते आणि चिखलात फतकल मारून हसत बसले. तूही बसलीस. हसता हसता तू मध्येच थांबलीस आणि म्हणालीस, "तुला इचारलं ते चुकलं माझं." एवढंच. जन्मात तेवढं एकदाच म्हणालीस.

चंद्रावरचं भांडण मात्र अर्धंच राहिलं. मी विज्ञान शिकवणारी बाई. माझ्या बाबांनी घरातलं पंचांग बाहेर फेकलं, आणि तू चंद्राचं कॅलेंडर भिंतीला लावलंस. "आज मुळाचा दिवस, उद्या फळाचा दिवस, हे काय नवीन खूळ? याला आधार काय?" मी विचारायची. तू म्हणायचीस, "माझा बा चंद्राकडं बघून मेंढरांचा तळ हलवायचा. त्याला कुणी आधार इचारला न्हाई." मी म्हणायची, त्याला उजेड लागायचा म्हणून. तू म्हणायचीस, "मंग वेलीला लागत नसंल का?" मी निम्मे वेल चंद्रावर आणि निम्मे तसेच छाटून बघू म्हणाले. तू कबूल झालीस. दोन ओळींना खुणेच्या चिंध्या बांधल्या, आणि नेमक्या त्या ओळींच्या चिंध्या शेळीनं खाल्ल्या. पुन्हा करू म्हणत राहून गेलं. आता सांगते, वच्छे, अजूनही मला ते पटलेलं नाही. पण काल रांजणाला हात लावायच्या आधी मी तुझ्या कॅलेंडरवर बघून, तू उघडायला धरायचीस तो फळाचाच दिवस आहे याची खात्री करून घेतली.

तू वाईन स्टीलच्या टाकीत केली नाहीस. गावातल्या कुंभाराकडून मोठ्या पोटाचा रांजण घडवून घेतलास, आतून मधमाशांच्या मेणाचा हात दिलास आणि मळ्यातल्या शेडमध्ये गळ्यापर्यंत पुरलास. शिमग्याच्या सुमारास द्राक्षं तोडायची, सालीसकट चुरून त्यात घालायची, आणि मृगाच्या आधी उघडायचं. सालीमुळं वाईनला हळदीच्या पाण्याचा रंग यायचा. लोक म्हणायचे, पांढरी म्हणती अन् पिवळी दिसती, ही बाई रंगात पण फसवती. तू ऐकायचीस आणि रांजणाला शेणाचा हात फिरवायचीस.

आणि दरवर्षी उघडायच्या दिवशी मी हवीच. तू प्यायला सांगायचीस, मी नाही म्हणायची. मग तू म्हणालीस, बरं, वास तरी घे. मी घरी बाबांना विचारलं. बाबा खुर्चीत बसून पेपर वाचत होते, चष्म्यावरून बघत म्हणाले, "नाकाला शील न्हाई, बाळ." तेव्हापासून मी तुझं नाक झाले. ओगराळ्यानं तू थोडी वर काढायचीस, आपण दोघी डोक्याला डोकं लावून वाकायचो, मी डोळे मिटून सांगायची. पहिल्या वर्षी मी म्हणाले, ओली पाटी. कोरी दगडी पाटी पाण्यानं पुसली की येतो तसा. तू घोट घेतलास, जिभेवर फिरवलास आणि म्हणालीस, "बराबर." दुसऱ्या वर्षी मी म्हणाले, आंबील, ज्वारीची, रात्रभर आंबवलेली. "बराबर." बाटलीवर तू हेच छापलंस, ओली पाटी आणि आंबील, आणि पुण्यातल्या लोकांनी म्हणे त्यावर मोठाली चर्चा केली. माझे दोन शब्द तिकडं जाऊन बसले याचा मला किती अभिमान वाटायचा, तेही तुला कधी सांगितलं नाही. मास्तरीण ना मी, तोंडावर कौतुक करायची सवय नाही, स्वतःचं तर नाहीच.

पण तू दरवर्षी पुढं म्हणायचीस, "अजून एक हाय." मी परत वाकायची. "ओली पाटी. आंबील. बास." तू मान हलवायचीस. "तिसरा हाय. त्याच्याबिगर ही माझी वाईन न्हाई." मी म्हणायची, सांग ना मग कोणता? तू सांगायची नाहीस. "तुझं तुलाच आलं पाहिजे. मी सांगितल्यावर तू म्हणशील आला आला, मास्तर लोकं तसलीच असतात." किती वर्षं चालला हा खेळ. मी चिडायची, मोहाची फुलं, शेवग्याचा पाला, चिंचेची साल, काहीही ठोकून द्यायची. तू हसायचीस आणि पहिलं ओगराळं वेलीच्या बुडाला ओतायचीस.

मागच्या वर्षी तुझं दुखणं निघालं आणि त्याच्या औषधांनी तुझ्या जिभेची चव गेली. सगळं लोखंडासारखं लागतं, म्हणालीस. भात लोखंड, दूध लोखंड, वाईन पण लोखंड. तू ओगराळं हातात धरून बसली होतीस. तेव्हा तू मला म्हणालीस, "सुजे, माझी जीभ मेली. तुझी दे. एक घोट. तुझा धम्म मला म्हाईत हाय. तरी मागून राह्यले."

मी नाही म्हणाले.

तू "राहू दे" म्हणालीस आणि ओगराळं माझ्या नाकाशी धरलंस. मी वास सांगितला, तू माझ्या शब्दावर वाईन गाळलीस आणि बाटल्या भरल्या. पुन्हा तो विषय तू काढला नाहीस. मी मात्र तो विषय घेऊन रोज झोपते. मी शब्द दिलेला होता, स्वतःला, बाबांना, विहारातल्या त्या लहान पोरांना. तो मोडला असता तर तूच मला पुढं चिडवलं असतंस आणि मनातून थोडं उतरवलं असतंस, हेही मला माहीत आहे. आज पुन्हा मागितलंस तरी मी नाहीच म्हणेन. पण ते म्हणताना तुझा हात हातात घेईन. तेव्हा तो घ्यायचा राहिला, वच्छे, तेवढंच मला सलतं.

यंदाची द्राक्षं तू खुर्चीत बसून तोडून घेतलीस. रांजणाचं झाकण मातीनं लिंपताना तू बोटानं त्यावर रेघ ओढलीस आणि म्हणालीस, "मृगाच्या आधी उघड. मी असले तर बरंच. नसले तर तुझं नाक हाय." मी म्हणाले, काहीतरी बोलू नकोस. अशा वेळी माणसं हेच म्हणतात. काही चांगलं सुचायला हवं होतं.

तर काल.

भानुदासनं लिंपण फोडलं. तुझी रेघ तशीच होती, ती मोडताना त्याचा हात थबकला, मग मोडली. झाकण निघालं. गारवा वर आला. मी ओगराळं बुडवलं. रंग तोच, हळदीच्या पाण्याचा. मी वाकले, डोळे मिटले. ओली पाटी, आहे. जरा थांबले. आंबील, आहे. माझा जीव भांड्यात पडला. आणि मग, वच्छे, मी सवयीनं डावीकडं वळून बघितलं. तू येऊन उभी राहिलीस असंच वाटलं मला. इतकं खरं, की मी थोडी सरकून जागा केली. तिथं कुणी नव्हतं. नुसतं दारातून आलेलं ऊन होतं.

"काय झालं?" भानुदासनं विचारलं. "नासलं का?"

"नाही. दोन वास आहेत, नेहमीचे. पण ती म्हणायची तिसरा पण असतो. तो मला कधीच कळला नाही. त्याच्याशिवाय ही तिची नव्हे, असं म्हणायची." मी रांजणापासून मागं सरले. "मी नाही सांगू शकत, भानुदासभाऊ. बोलवा हॉटेलवाल्याला, नाहीतर काढा वेल. मला नाही सांगता येत."

मग त्यानं माळ उचलून सदऱ्याच्या आत टाकली, बटण लावलं, गुडघे टेकले आणि रांजणावर ओणवा झाला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. तुझ्या हयातीत तो या शेडच्या उंबऱ्याच्या आत आला नव्हता. मला वाटलं नाक मुरडून लगेच उठेल. तो उठेचना.

"भानुदासभाऊ?"

"ही तर बाची घोंगडी हाय," तो आतूनच म्हणाला. "भिजलेली. बा तळावर आला की अंगावरची काढून बाभळीवर वाळत टाकायचा, बिलकुल तसा वास. तुम्हाला येत न्हाई?" त्यानं मान वर केली तेव्हा त्याची दाढी ओली होती. "मी म्हणलं बहिणीसंग ती बी जळाली. ही तर हितंच हाय."

मी पुन्हा वाकले. आणि आला. अगदी सरळ, पहिल्यापासून आलेला असावा तसा आला.

तो वास मला कधी येत नव्हता असं नाही, वच्छे. दरवर्षी यायचा. पण दरवर्षी तू माझ्या डोक्याला डोकं लावून उभी असायचीस, आणि पाचवीपासून माझ्या नाकात तू म्हणजे तोच वास. साबण लाव, नाशिकहून आणलेलं अत्तर लाव, मला काही फरक पडायचा नाही. मला वाटायचं तो तुझा आहे. तो मी वाईनचा म्हणून कधी मोजलाच नाही. काल पहिल्यांदा तू शेजारी नव्हतीस, आणि वास होता.

भानुदास उठला, गुडघ्यांची माती झटकली. म्हणाला, "पुण्याला फोन लावा. जल्दी या म्हणावं. अन् ऊस राहू द्या." मग माळ बाहेर काढून नीट केली आणि विचारलं, "पहिलं ओगराळं कोणत्या वेलीला घालायची ती?" मी दाखवली. त्यानं माझ्या हातातलं ओगराळं घेतलं, सांडू न देता चालत गेला आणि बुडाशी हळू ओतलं.

मी रांजणापाशीच थांबले. तुझा शब्द म्हणायला तिथं दुसरं कुणी नव्हतं, म्हणून मीच म्हणाले. बराबर, वच्छे.